बर्नर स्ट्रीटचा खून आणि यार्डातला छापखाना: एलिझाबेथ स्ट्राइड प्रकरण एका यिद्दिश पेपरातून परत वाचताना

जॅक द रिपर, म्हणजे १८८८ला लंडनमध्ये बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला खुनी, म्हटलं की लोक थेट 'तो कोण होता' यावर उडी मारतात आणि मग राजपुत्र, डॉक्टर, चित्रकार, वकील अशी वरातच निघते. मला त्या वरातीत रस नाही. इथे फक्त एक खून घेतोय, एक यार्ड, आणि जेमतेम पाऊण तास. या खुनाबद्दलचा 'आर्बेटर फ्राइंट' नावाच्या पेपरातला एक छापील पुरावा खुनानंतर पाचच दिवसांनी, आणि तोही खून झाला त्याच यार्डातून बाहेर पडला होता, पण तो यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत असल्यामुळे रिपरवर आयुष्य घालवणाऱ्या बहुतेक इंग्रजी अभ्यासकांनी तो शंभरेक वर्षं वाचलाच नव्हता. अलीकडे त्याचं भाषांतर आलं तेव्हा लोकांनी त्यात खुन्याचं नाव शोधलं, ते मिळालं नाही, आणि बरेच जण पुढे निघून गेले. माझं म्हणणं असं की त्यात खुनी नसला तरी साक्षीदार आहेत, आणि तेही असे ज्यांना कोर्टाने कधी बोलावलंच नाही.

आधी घटना. लंडनचा ईस्ट एंड, २९ सप्टेंबर १८८८चा शनिवार संपून ३० तारखेचा रविवार लागलेला. एलिझाबेथ स्ट्राइड, वय ४४, मूळची स्वीडनची, गोथेनबर्गजवळच्या तोर्सलांडात जन्मलेली, माहेरचं नाव गुस्ताफ्सदॉटर. लंडनला येऊन जॉन स्ट्राइडशी लग्न केलं, पॉप्लरला दोघांचं कॉफीचं दुकान होतं, ते बुडालं, संसार मोडला, नवरा १८८४ला वारला. ती मात्र लोकांना सांगायची की नवरा आणि मुलं १८७८च्या प्रिन्सेस अ‍ॅलिस बोट दुर्घटनेत बुडून गेली, म्हणजे थोडी सहानुभूती, थोडी मदत मिळायची. शेवटी फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खाटेवर राहत होती आणि साफसफाईची कामं करत होती. रात्री एकच्या सुमारास बर्नर स्ट्रीटवरच्या डटफिल्ड्स यार्ड नावाच्या बोळासारख्या आवारात, फाटकातून आत शिरल्या शिरल्या भिंतीलगत ती गळा चिरलेल्या अवस्थेत सापडली. पोटावर वगैरे वार नाहीत, जे रिपरच्या बाकी खुनांत होते. त्याच रात्री पाऊण तासानं माइटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोज सापडली, तिची मात्र भयानक चिरफाड झालेली, म्हणून 'स्ट्राइडच्या वेळी खुन्याला मध्येच कुणीतरी आलं आणि काम अर्धवट राहिलं' ही थिअरी जवळजवळ नियम असल्यासारखी सांगितली जाते.

आता ते यार्ड, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फाटकावर पांढऱ्या अक्षरांत दोन धंद्यांची नावं होती, एक गोणपाटाच्या पिशव्या बनवणारा हिंडली आणि दुसरा गाड्या बनवणारा डटफिल्ड, ज्याच्या नावानं यार्ड ओळखलं जायचं पण तो तिथून केव्हाच दुसरीकडे गेलेला. आत शिरलं की उजव्या हाताला ४० नंबरची इमारत, म्हणजे इंटरनॅशनल वर्किंग मेन्स एज्युकेशनल क्लब, डाव्या हाताला तीन छोटी बिऱ्हाडं. क्लबचं बाजूचं दार यार्डात उघडायचं आणि रात्री उशिरा सभासद पुढच्या दारापेक्षा त्याच दारानं ये-जा करायचे. आणि क्लबच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, एकीत खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं) जुळवणाऱ्यांचं काम चालायचं आणि दुसरी संपादकाची. हेच 'आर्बेटर फ्राइंट'चं ऑफिस. नावाचा अर्थ कामगारांचा मित्र. हिब्रू लिपीत छापलेला, उजवीकडून डावीकडे वाचायचा, रशिया-पोलंडकडून पळून आलेल्या ज्यू शिंपी, चांभार, टोप्या शिवणाऱ्यांच्या भाषेतला समाजवादी पेपर. इंग्रजी कोर्टात आणि पेपरांत त्याला सरसकट 'हिब्रू पेपर' म्हणायचे, कारण लिपी दिसायची, भाषा कुणाला कळायची नाही.

छापखाना यार्डात का होता, तर त्यालाही एक किस्सा आहे आणि तो केसशी अगदीच असंबद्ध नाही. पेपर १८८५ला मॉरिस विंचेव्स्कीनं सुरू केला, वर्षभरात क्लबनं तो हातात घेतला आणि साप्ताहिक केला. भांडवलदारांना शिव्या होत्याच, पण धर्मगुरूंना आणि ज्यू समाजातल्या श्रीमंत पुढाऱ्यांना त्याहून जास्त, त्यामुळे समाजातल्या प्रतिष्ठितांना तो पेपर डोळ्यांसमोर नको होता. एकदा खिळे जुळवणाऱ्यालाच पैसे चारले गेले आणि 'कामगारांनो, हा पेपर पसरवा' या ओळीच्या जागी 'हा पेपर नष्ट करा' असं छापून आलं! पुढे बाहेरच्या छापखान्यानं अंग काढून घेतलं तेव्हा क्लबनं १८८७ला स्वतःचंच छापयंत्र उभं केलं. म्हणजे बघा, ज्यांनी पेपर बंद पाडायचा प्रयत्न केला त्यांच्यामुळेच खुनाच्या रात्री संपादक प्रेतापासून हाकेच्या अंतरावर बसलेला होता.

अधिकृत पुरावा काय होता ते आता बघू. इन्क्वेस्ट, म्हणजे कॉरोनरसमोरची मृत्यूची चौकशी (आपल्याकडे मुंबईतही कॉरोनर कोर्ट होतंच की, १९९९पर्यंत), १ ऑक्टोबरला केबल स्ट्रीटवरच्या व्हेस्ट्री हॉलमध्ये सुरू झाली आणि २३ ऑक्टोबरला संपली. कॉरोनर वाइन बॅक्स्टर, हुशार, खोदून खोदून विचारणारा माणूस. क्लबच्या बाजूनं चार जण बोलले.

विल्यम वेस्ट, खरं नाव वुल्फ वेस, छापखान्याचं काम बघणारा. तो साडेबाराच्या आसपास छापखान्यात काही कागदपत्रं ठेवायला गेला, परत येताना फाटकाकडे नजर टाकली, काही दिसलं नाही, आणि घरी गेला. मॉरिस ईगल, ज्यानं त्या संध्याकाळी 'ज्यूंनी समाजवादी का व्हावं' या विषयावरच्या सभेचं अध्यक्षपद केलं होतं, तो मैत्रिणीला घरी सोडून बारा पस्तीस-चाळीसला परत आला, यार्डातूनच आत गेला, त्यालाही काही दिसलं नाही. मग लुई डीमशुट्झ, क्लबचा कारभारी, जो दिवसभर क्रिस्टल पॅलेसजवळच्या बाजारात स्वस्त दागिने विकून तट्टूच्या गाडीतून परत येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ त्यानं बघितलं तर एक वाजलेला. फाटकात शिरताना तट्टू डावीकडे बुजलं, त्यानं खाली चाबकानं चाचपलं, काडी ओढली, वाऱ्यानं लगेच विझली, पण तेवढ्यात बाईमाणूस पडलंय एवढं कळलं. तो आधी आत बायकोला बघायला गेला आणि मग मेणबत्ती घेऊन बाहेर आला.

चौथा फिलिप क्रान्ट्झ, पेपरचा संपादक. त्याचा जबाब अगदी छोटा. रात्री नऊपासून मी माझ्या खोलीत होतो, कुणीतरी सोबत्यानं येऊन यार्डात बाई पडलीय म्हणून सांगितलं तोपर्यंत तिथेच. किंकाळी ऐकली? नाही. वर क्लबात गाणी चालू होती, त्यामुळे किंचाळली असती तरी कदाचित ऐकू आलं नसतं. बाहेर आल्यावर अनोळखी माणूस दिसला नाही. संपलं. बॅक्स्टरनं त्याला फार ताणलं नाही, कारण त्याच्याकडून काही मिळेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आणि आता पेपर. ५ ऑक्टोबर १८८८, शुक्रवारचा अंक. लेखावर कुणाची सही असो नसो, ज्या माणसाच्या टेबलावरून तो अंक गेला तो स्वतः त्या रात्री तिथे होता, हे विसरून चालणार नाही. त्यात काय येतं ते माझ्या शब्दांत सांगतो. एकच्या सुमारास कारभारी कॉम्रेड दिमशिट्स (म्हणजे आपला डीमशुट्झच) बाजारातून गाडी घेऊन आला आणि प्रेत पहिल्यांदा त्यानंच बघितलं. मग कॉम्रेड गिल्यारोव्स्की धावत छापखान्यात आला. खिळ्यांच्या खोलीत कुणी नव्हतं. संपादकाच्या खोलीत क्रान्ट्झ आणि याफा कामात होते. गिल्यारोव्स्की धापा टाकत म्हणाला, यार्डात खून झालेली बाई पडलीय, तुम्हाला माहीत नाही? दोघांना आधी खरंच वाटेना. तेव्हा तो म्हणाला की विश्वास नाही का, मी रक्त बघितलंय. दोघं धावत फाटकाकडे गेले. फाटक उघडं, तिथे काळोख, भिंतीलगत काहीतरी काळं पडलेलं जेमतेम दिसतंय, अगदी जवळ गेल्यावर कळलं की बाई आहे, तोंड भिंतीकडे, डोकं यार्डाच्या आतल्या बाजूला आणि पाय फाटकाकडे. तिच्याभोवती मॉरिस ईगल, फ्रीडेन्थाल आणि गिल्यारोव्स्की उभे. गिल्यारोव्स्कीनं काडी ओढली आणि त्या बाईला 'ऊठ!' म्हणून ओरडला. याफाला तोवर ती कशाततरी ओल्यात पडलीय हे दिसलं होतं, तो म्हणाला तिला उठवतोस काय, मेलीय ती, दिसत नाही का?

मला हा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो नाट्यमय आहे म्हणून नाही. उलट तो अगदी गोंधळलेला आहे. दोन मिनिटांपूर्वी 'खून झालाय, रक्त बघितलं' म्हणून बोंबलत आलेला माणूसच परत जाऊन प्रेताला ऊठ म्हणतो. कुणी रचून लिहिलं असतं तर ही विसंगती आधी काढून टाकली असती. खरं घाबरलेली माणसं अशीच वागतात.

आता या तुकड्यातली नावं इन्क्वेस्टच्या यादीशी लावून बघा. ईगल आहे, क्रान्ट्झ आहे, डीमशुट्झ आहे. याफा नाही. फ्रीडेन्थाल नाही. गिल्यारोव्स्की नाही. म्हणजे पोलीस यायच्या आधी प्रेताजवळ जे जमले त्यातल्या निदान तिघांचा जबाब कॉरोनरसमोर झालाच नाही. आणि याफाचं तर त्याहून पुढचं आहे, तो खुनाच्या वेळी यार्डाच्या मागच्या खोलीत क्रान्ट्झबरोबर बसलेला होता असं पेपर सांगतो, तर क्रान्ट्झचा जबाब वाचून आपला समज असा होतो की संपादक एकटाच खोलीत होता. क्रान्ट्झ खोटं बोलला असं मी म्हणत नाहीये, त्याला 'सोबत कोण होतं' हे विचारलेलंच दिसत नाही, आणि कोर्टात विचारलं नाही ते आपणहून कोण सांगतो, त्यातून परका देश, परकी भाषा, अंगावर समाजवादी असल्याचा शिक्का. पण पुराव्याच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. एकट्या माणसानं 'मला काही ऐकू आलं नाही' म्हणणं एक, आणि एकाच खोलीतल्या दोघांना स्वतंत्रपणे तेच विचारता येणं दुसरं. ती संधी बॅक्स्टरकडे होती. पाच ऑक्टोबरला, ज्या दिवशी हा अंक निघाला त्याच दिवशी, इन्क्वेस्टची एक बैठक चालू होती, आणि पेपर तर पोलिसांच्या नाकाखाली छापला जात होता. वाचणारं कुणी नव्हतं, एवढंच.

गिल्यारोव्स्कीचं कोडं वेगळं. ईगलनं जबाबात सांगितलं होतं की मी क्लबात येऊन वीसेक मिनिटं झाली असतील तेव्हा गिडलमन नावाचा सभासद वर आला आणि यार्डात बाई मरून पडलीय म्हणाला. हा गिडलमन कोण यावर बरंच डोकं खाजवलं गेलंय. यिद्दिश पेपर समोर ठेवला तर मला सरळ वाटतं की हा गिडलमन म्हणजेच गिल्यारोव्स्की असावा, इंग्रजी रिपोर्टरनं कानाला जे लागलं ते लिहिलं. हे सिद्ध झालेलं नाही, माझा अंदाज आहे. पण या केसमध्ये नावांचं जे भजं झालंय ते बघता अंदाज धाडसी नाहीये, एकट्या डीमशुट्झचीच इंग्रजी पेपरांत तीन-चार स्पेलिंगं आहेत आणि क्लबचा सभासद आयझॅक कोझेब्रोड्स्कीचा तर काही ठिकाणी नुसता 'आयझॅक्स' झालाय. घरचा पेपर घरच्या माणसांची नावं नीट लिहिणार, एवढं तर मानायला हरकत नसावी. आणि हा अंदाज धरला तर त्या माणसाची सगळी धावपळ जुळते: वर जाऊन सभासदांना सांगितलं, ईगल खाली धावला, मग हा मागे छापखान्यात गेला आणि दोघांना घेऊन परत फाटकाशी आला तेव्हा ईगल तिथेच उभा. यानंतर ईगल पोलीस शोधायला कमर्शियल रोडकडे पळाला.

इथे वेळेचा मुद्दा येतो, आणि या केसमध्ये वेळेवरून जेवढी डोकेफोड झालीय तेवढी कशावरूनच नाही. कोझेब्रोड्स्कीनं दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की एकला वीस मिनिटं कमी असताना डीमशुट्झनं मला यार्डात बोलावलं. एडवर्ड स्पूनर, जो मैत्रिणीबरोबर जवळच्या चौकात उभा होता आणि आरडाओरडा ऐकून धावत आला, ज्यानं बाईची हनुवटी उचलून बघितली, तो म्हणतो मी यार्डात पोचलो तेव्हा बारा पस्तीस झाले असतील. या दोन विधानांवर काही जणांनी अख्खा इमला उभा केलाय की प्रेत एकला सापडलं हे खोटंच, क्लबवाल्यांनी वीस मिनिटं लपवाछपवी केली. अरे पण स्पूनरनं स्वतः कबूल केलंय की त्यानं वेळ पब बंद होण्यावरून अंदाजानं धरली! उलट बाजूला बघा. डीमशुट्झनं रस्त्यावरचं घड्याळ बघून एक सांगितला. कॉन्स्टेबल हेन्री लॅम्ब एकच्या आसपास म्हणतो. प्रेत तपासायला आलेल्या डॉ. ब्लॅकवेलनं पोचल्यावर खिशातलं घड्याळ बघितलं, एक सोळा. ईगलचे वीस मिनिट बारा चाळीसमध्ये मिळवा, एक वाजतो. आणि यिद्दिश पेपरही एकच म्हणतो. पेपरचं वजन इथे किती धरायचं? पूर्ण नाही, कारण लिहिणाऱ्यानं डीमशुट्झकडूनच वेळ घेतलेली असू शकते आणि मग तो स्वतंत्र पुरावा राहत नाही, एकाच माणसाचा दुसरा प्रतिध्वनी होतो. पण एक नक्की, क्लबमध्ये आपसात बारा चाळीसची गोष्ट फिरत असल्याचा मागमूसही त्यात नाही.

ब्लॅकवेलच्या मते तो पोचायच्या आधी वीस ते तीस मिनिटं मृत्यू झालेला, म्हणजे साधारण पावणे एक ते एकला चार मिनिटं कमी या दरम्यान. शरीर गरम, गळ्याजवळ गोठलेलं रक्त, आणि तिथून रक्ताचा ओघळ थेट क्लबच्या बाजूच्या दारापर्यंत गेलेला. डाव्या हातात तोंडाला वास येण्यासाठी खायच्या गोळ्यांची कागदाची पुडी, तशीच पकडलेली. त्या पुडीवरून मला नेहमी वाटतं की हल्ला इतका झटकन झाला की हातातली वस्तू टाकायलाही तिला सवड मिळाली नाही.

आणि इथून आपण इझ्रायल श्वार्ट्झकडे येतो, जो या केसचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात त्रासदायक साक्षीदार. हा हंगेरियन ज्यू, इंग्रजी येत नाही, दुभाष्याला घेऊन रविवारी संध्याकाळी लेमन स्ट्रीट पोलीस स्टेशनला गेला. त्याचं म्हणणं, पावणे एकला मी बर्नर स्ट्रीटवरून जात असताना एक माणूस फाटकातल्या बाईशी बोलायला थांबला, तिला रस्त्याकडे ओढायला लागला, गरकन फिरवून फुटपाथवर पाडलं, ती तीनदा ओरडली पण फार मोठ्यानं नाही. रस्त्यापलीकडे दुसरा एक माणूस पाइप पेटवत होता. पहिल्यानं 'लिप्स्की!' अशी हाक मारली. श्वार्ट्झ घाबरून निघाला, दुसरा माणूस मागे येतोय असं वाटल्यावर पळतच सुटला. लिप्स्की हे काय प्रकरण, तर आदल्या वर्षी शेजारच्याच बॅटी स्ट्रीटवर मिरियम एंजल नावाच्या बाईच्या खुनासाठी इझ्रायल लिप्स्कीला फाशी झाली होती आणि तेव्हापासून त्या भागात ज्यूंना चिडवायला ते नाव शिवीसारखं वापरलं जायचं, इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइननं वरिष्ठांना तसं लेखी कळवलंय. म्हणजे हाक बहुधा श्वार्ट्झलाच उद्देशून होती.

श्वार्ट्झची गोष्ट 'स्टार' पेपरात १ ऑक्टोबरलाच आली, तिथे पाइपचा चाकू झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच पेपरानं छापलं की पोलिसांचा या गोष्टीवर पूर्ण विश्वास नाही. पण १९ ऑक्टोबरच्या अहवालात चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सन उलटच लिहितो, की पोलिसांच्या नोंदीत या जबाबावर शंका दिसत नाही. आणि तरीही श्वार्ट्झ इन्क्वेस्टला आला नाही. आता आपल्या यिद्दिश पेपराकडे बघा: त्यातही श्वार्ट्झ नाही. क्लबच्या फाटकात, क्लबच्या वेळेत, एका ज्यू माणसाच्या डोळ्यांदेखत हल्ला झाला, ही बातमी चार दिवसांपूर्वी 'स्टार'मध्ये छापून आलेली, आणि ज्यू कामगारांचा पेपर त्यावर चूप.

यावरून दोन गट पडतात. एक म्हणतो, क्लबवाल्यांनाच माहीत होतं की असं काही घडलंच नाही, म्हणून त्यांनी छापलं नाही. दुसरा नेमकं उलट म्हणतो, की श्वार्ट्झ हा क्लबनंच उभा केलेला साक्षीदार होता, संशय यार्डाच्या आतून काढून रस्त्यावर ढकलण्यासाठी. गंमत म्हणजे दोन्ही गट याच अंकाचा आधार घेतात.

मला दुसरं म्हणणं या अंकामुळेच मोडीत निघतं असं वाटतं. अहो, समजा क्लबनं खटाटोप करून दुभाष्यासकट साक्षीदार उभा केला, पोलीस आणि इंग्रजी पेपर दोन्हीकडे पोचवला, तर मग स्वतःच्या हातातल्या पेपरात, जिथे अडवणारं कुणी नाही, त्याच गोष्टीचा एक शब्द नाही? आपल्याच वाचकांपुढे क्लबला निर्दोष ठरवायची आयती संधी त्यांनी सोडली असती का? ज्या शिवीनं प्रत्येक ज्यू वाचकाचं रक्त तापलं असतं ती त्यांनी गाळली असती? हा पेपर प्रचारासाठीच तर निघायचा. पहिल्या म्हणण्याबद्दल मी इतका ठाम नाही. न छापण्याचं कारण अविश्वास असू शकतं, पोलिसांनी गप्प राहायला सांगितलेलं असू शकतं, किंवा अगदी साधं, की लेख सोमवारीच लिहून खिळे जुळवून झालेले असू शकतात, साप्ताहिकाचं काम असंच चालतं. मौनाला पुरावा मानायचं तर आधी त्या माणसाला बोलायचं कारण होतं आणि बोलायची सवडही होती हे दाखवावं लागतं. कारण होतं. सवडीचं सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र श्वार्ट्झच्या विरोधात जाते आणि तिला पेपरमुळे थोडं बळ मिळतं. ओरडणं कुणालाच ऐकू आलं नाही. डीमशुट्झची बायको बाजूच्या दाराजवळच्या स्वयंपाकघरात होती, दार अर्धवट उघडं, तिनं पत्रकारांना ठामपणे सांगितलं की काही ऐकलं नाही. शेजारी ३६ नंबरच्या फॅनी मॉर्टिमर साडेबारा ते एकमधला बराच वेळ दारात उभ्या होत्या म्हणतात, त्यांना फक्त काळी बॅग घेऊन जाणारा एक माणूस दिसला, तो पुढे लिऑन गोल्डस्टीन नावाचा निरुपद्रवी गृहस्थ निघाला. आणि आता संपादकाच्या खोलीत एकाऐवजी दोन माणसं. याफा आणि क्रान्ट्झ दोघांनाही बाहेर काही घडतंय याची इतकी कल्पना नव्हती की गिल्यारोव्स्की सांगायला आला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पण वर गाणी चालू होती, सभा संपल्यावरही वीस-तीस लोक थांबलेले, रशियन गाणी मोठ्यानं चाललेली, आणि श्वार्ट्झ स्वतःच म्हणतो ती फार मोठ्यानं ओरडली नाही. शिवाय त्यानं सांगितलेला प्रकार फाटकात, रस्त्याच्या बाजूला, आणि ती खोली यार्डाच्या मागे. म्हणून मी याला 'श्वार्ट्झ खोटा' म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की यार्डाच्या आत झटापट, आरडाओरडा झाला असं धरणारी कुठलीही थिअरी आता आणखी एका माणसाच्या कानांना उत्तर द्यायला बांधील आहे.

पेपरच्या स्वार्थाबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर मी त्याची वकिली करतोय असं व्हायचं. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून 'लेदर एप्रन' नावाचा ज्यू खुनी असल्याची हूल उठली होती, जॉन पायझर नावाच्या ज्यू चांभाराला पकडून सोडून दिलं गेलं होतं, रस्त्यांवर 'इंग्रज माणूस असं करणार नाही' अशी भाषा चालू होती. त्यात प्रेत सापडलं ज्यू क्लबच्या दारात. पोलिसांनी फाटक बंद करून आत असलेल्यांना पहाटेपर्यंत अडकवून ठेवलं, हात-कपडे तपासले, इन्स्पेक्टर रीडच्या साक्षीप्रमाणे २८ जणांची नावं-पत्ते घेतले. त्याच पहाटे गोल्स्टन स्ट्रीटवर ज्यूंबद्दलचं ते खडूनं लिहिलेलं वाक्य सापडलं आणि दंगल नको म्हणून पोलीस कमिशनर वॉरननं ते फोटो न काढताच पुसायला लावलं. अशा वातावरणात क्लबचा पेपर क्लबच्या माणसांबद्दल वाईट काही लिहिणार नाही, हे उघड आहे. म्हणून मी त्यातली मतं बाजूला ठेवतो आणि ज्या तपशिलांतून कुणाचा काही फायदा होत नाही तेवढेच उचलतो. खिळ्यांच्या खोलीत कुणी नव्हतं यात कुणाचा स्वार्थ? याफा संपादकाजवळ होता यात कुणाचा? उलट, पोलीस यायच्या आधी आपली चार-पाच माणसं अंधारात प्रेताभोवती काड्या ओढत उभी होती हे छापणं क्लबच्या फायद्याचं नव्हतंच. जागेचे पुरावे, ठसे, थेंब, जे काही असेल, त्याची वाट तिथेच लागली हे त्यांच्याच पेपरातून कळतं.

राहता राहिलं १८८९. मार्चमध्ये बेकार ज्यू कामगारांचा मोर्चा ग्रेट सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या प्रार्थनामंदिरावर गेला, त्या दिवशी नंतर बर्नर स्ट्रीटवर पोलिसांशी मारामारी झाली, आणि डीमशुट्झला पोलिसांवर हल्ला केल्याबद्दल तीन महिने सक्तमजुरी लागली, कोझेब्रोड्स्कीला दंड. ही शिक्षा 'बघा, क्लबवाले कसे होते' म्हणून स्ट्राइड प्रकरणात मागाहून चिकटवली जाते. त्या भागातल्या पोलिसांचं आणि क्लबचं किती वाकडं होतं हे त्यावरून कळतं, आणि मग त्या रात्री क्लबमधून कुणी स्वतःहून जास्त का बोललं नसेल हेही थोडं कळतं. पण ३० सप्टेंबरच्या त्या पाऊण तासाबद्दल ती शिक्षा काहीच सांगत नाही. प्रेत बघून पोलिसांच्या नावानं हाका मारत फेअरक्लॉफ स्ट्रीटवरून पळत सुटलेला माणूस डीमशुट्झच होता, आणि रात्री दीडच्या आत त्या यार्डात डॉक्टर आणि पोलीस दोन्ही पोचले होते ते त्याच्या आणि ईगलच्या पायपिटीमुळे.

माझ्यापुरतं या केसमध्ये आता वाचायचं उरलंय ते म्हणजे ऑक्टोबर १८८८चे पुढचे अंक, आणि क्रान्ट्झ १८९०ला न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या यिद्दिश समाजवादी पेपरात संपादक झाला, तिथे त्यानं लिहिलेल्या मजकुरात बर्नर स्ट्रीट कुठे डोकावतोय का ते.